पालकसभेला मार्तंड नव्हता

मार्तंड हे नाव ज्या आजोबांनी ठेवलं, त्यांच्या डोळ्यांपुढे भंडाऱ्याने माखलेला, मिशीवर ताव मारणारा पुरुष असावा. वाढला तो भलताच. पन्नाशीचा, नाजूक बांध्याचा, बोलताना मनगटं वळवणारा, नवल वाटलं की पटकन हात तोंडाशी नेणारा. "आजोबांनी देवाचं नाव ठेवलं, देवीचं ठेवायचं राहून गेलं," असं तो स्वतःच सांगायचा आणि असा खळखळून हसायचा, की समोरच्याला टोमणा मारायला काही उरतच नसे.

सम्यकला हा माणूस सुरुवातीला सहनच व्हायचा नाही.

सम्यक गोरेगावला एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. घर नाहूरला, आई आणि तो, दोघंच. वडील भाऊराव बेस्टच्या डेपोत होते. घराबाहेर पडायचं ते इस्त्रीचा शर्ट आणि पॉलिश केलेले बूट घालून, आवाज खाली, मान वर. लोकांना बोट ठेवायला जागा द्यायची नाही, हा त्यांचा शिरस्ता. ते गेले तरी शिरस्ता सम्यकच्या अंगात राहिला. आपल्याला मुलगे आवडतात हे कळल्यावर तर त्याने तो आणखीनच घट्ट केला. चालणं तपासलं, हसणं तपासलं, मोबाइलवर स्वतःचं रेकॉर्डिंग करून आवाज तपासला. मित्र शोधायच्या अ‍ॅपवर त्याच्या नावाखाली एकच ओळ होती: बायकी मुलांनी मेसेज करू नये.

मुलुंडला गे मुलांचा एक छोटा गट होता. महिन्यातून एकदा एका वाचनालयाच्या वरच्या सभागृहात सगळे जमायचे. सम्यक पहिल्यांदा तिथे गेला तेव्हा दारातच मार्तंडने त्याला ओळखलं.

"अगं बाई, 'बायकी मुलांनी मेसेज करू नये' तो तूच ना? मी केलाच नाही हं मेसेज. मी प्रत्यक्षच आले."

सगळे हसले. सम्यकचे कान तापले. हा माणूस सगळ्यांनाच 'गं' म्हणायचा. 'मार्तंडदादा' म्हटलेलं त्याला चालायचं नाही. "दादा म्हणालास तर बघ. ताई म्हण, नाहीतर नुसतं मार्तंड."

पण गट धरून ठेवला होता तो मार्तंडनेच. दिवसभर एका खासगी इस्पितळाच्या विमा-कक्षात बसून तो घाबरलेल्या, चिडलेल्या नातेवाइकांशी बोलायचा. तिथली सवय त्याने इथेही आणली होती. कोणाचं लग्न जबरदस्तीने ठरतंय, कोणाला घरातून काढलंय, कोणी गोळ्या जमवून ठेवल्यात, हे मार्तंडला आधी कळायचं. सम्यकचं पाच वर्षांचं नातं तुटलं, तेव्हा तो आठवडाभर ऑफिसला गेला नव्हता. मार्तंड रोज संध्याकाळी इमारतीखाली येऊन फोन करायचा. वर कधी आला नाही. "तुझ्या आईला काय सांगशील, कोण आलीय म्हणून? तूच खाली ये, दोन चकरा मारू."

त्या चकरांत त्याने स्वतःचंही सांगितलं होतं. थोरल्या भावाने त्याला तालमीत घातलं होतं. काकांनी चालायला शिकवलं होतं, छाती पुढे, पावलं लांब. "शिकले की! नोकरीला लागेपर्यंत मी असली मर्दासारखी चालले, काय सांगू. शेवटी कंबर धरली. डॉक्टर म्हणाले, चालण्यात काहीतरी गडबड आहे. म्हटलं, डॉक्टर, तुम्हीच पहिले भेटलात बरोबर निदान करणारे."

आईला सांगायचं सम्यकने ठरवलं, तेव्हा त्याची तालीमही मार्तंडनेच घेतली. उद्यानातल्या बाकावर बसून, रुमालाचा पदर डोक्यावर घेऊन तो सम्यकची आई व्हायचा.

"आई, मला तुला एक सांगायचंय," सम्यक म्हणायचा.

"थांब. आधी जेवू दे तिला. उपाशीपोटी असलं कोणाला सांगतात का?" पदर सावरून परत सुरू. "हां, बोल रे राजा. काय झालं? नोकरी गेली का?"

सात-आठ वेळा मार्तंड कधी रडला, कधी चिडला, कधी नुसता गप्प बसला. त्यामुळे खरी आई, चंपाबाई, प्रत्यक्षात गप्प बसल्या तेव्हा सम्यक डगमगला नाही. त्या महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. तीन दिवस बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तू काही तसा वाटत नाहीस." त्या वाक्यात त्यांना आधार मिळत होता, आणि खरं सांगायचं तर सम्यकलाही.

वर्षभराने गटाने पालकांची सभा ठेवायचं ठरवलं. आजवर असं कधी झालं नव्हतं. चंपाबाई यायला तयार झाल्या. आणखी चार-पाच घरं हो म्हणाली. तयारीच्या बैठकीला मार्तंड कामामुळे नव्हता, तेव्हा सुशांतने विषय काढला. सुशांत वकील, बोलण्यात पटाईत.

"हे बघा, सरळ बोलतो. मार्तंड आला की वाट लागली. पालक पहिल्यांदाच येतायत यार. त्याला बघून म्हणतील, पुढे आपलाही मुलगा असाच होणार. एकदा त्यांना नॉर्मल मुलं दिसू देत. मग पुढच्या वेळी येऊ दे ना त्याला, कोण नाही म्हणतंय?"

कोणी काही बोललं नाही. सम्यकही नाही. आपल्या मनातलं दुसऱ्याने बोलून दाखवल्यावर छातीवरचं ओझं उतरावं, तसं त्याला हलकं वाटलं. हे हलकं वाटणंच पुढे त्याला फार दिवस टोचत राहणार होतं.

"सम्यक, तूच सांग त्याला," सुशांत म्हणाला. "तुझं ऐकतो तो."

सम्यकने सांगितलं, त्याच उद्यानात. आधी हवापाण्याचं बोलला, मग सभेच्या खुर्च्यांचं. मार्तंड भेळेच्या कागदातले शेंगदाणे वेचून खात होता.

"आई पहिल्यांदाच येतेय ना," सम्यक म्हणाला. "म्हणजे, या वेळी जरा... पालक कसे असतात, तुला माहितीय..."

"मी येऊ नको."

"तसं नाही रे."

"तसंच आहे गं. तोंडाने बोल ना. दुसऱ्याकडून वदवून घेऊ नये."

सम्यकला ते म्हणावंच लागलं. "या वेळी येऊ नकोस."

मार्तंडने कागदाची गुंडाळी केली, हात झटकले. "बरं. मलाही पिक्चरला जायचंच होतं." मग उठता उठता म्हणाला, "आईला पुढे बसवू नकोस हं. दाराजवळ बसव. मध्येच उठून बाहेर जावंसं वाटलं, तर बिचारीला सगळ्यांसमोरून जायला नको."

सभेच्या शनिवारी चंपाबाई दाराजवळ बसल्या. शेजारच्या खुर्चीवर मांडीवर रेक्झिनची पिशवी घेतलेले एक गृहस्थ येऊन बसले. घाटकोपरहून आलोय, एवढंच म्हणाले. चेहरा उन्हात काम करणाऱ्याचा, शर्ट ठेवणीतला.

सभा छान रंगली. सुशांत बोलला, एक डॉक्टर मुलगा बोलला, मग सम्यक बोलला. इस्त्रीचा निळा शर्ट, शांत आवाज. तो बोलत असताना चंपाबाई आजूबाजूला बघत होत्या, शाळेच्या स्नेहसंमेलनात आपल्या वर्गातल्या मुलाचं भाषण चालू असताना बघायच्या तशा. सम्यकने ते टिपलं. याचसाठी तर सगळं केलं होतं.

"कोणाला काही विचारायचंय?" सुशांतने म्हटलं.

घाटकोपरचे गृहस्थ उभे राहिले. पिशवी तशीच छातीशी.

"तुम्ही सगळे कसे व्यवस्थित आहात. साहेब लोकांसारखे. बघून बरं वाटलं." थोडं थांबले. "माझा मुलगा तसा नाही. तो पोरीसारखा चालतो, बोलतो. कॉलेजात पोरांनी मारलं त्याला. आता जातच नाही, घरात बसून असतो. मला असं बघायचं होतं की... त्याच्यासारखा, पण मोठा झालेला. नोकरी करणारा, दोन घास सुखाने खाणारा. असा कोणी आहे का तुमच्यात?"

"काका, हा फार मोठा गैरसमज आहे," सुशांत तयारीत होता. "गे म्हणजे बायकी, असं काही नसतं. आम्हालाच बघा ना."

"ते कळलं हो. पण माझा आहे ना तसा."

सम्यकच्या जिभेवर नाव आलं होतं. मार्तंड, इस्पितळात नोकरी, राहणार इथलाच, दहा मिनिटांवर. फोन केला असता तर आत्ता रिक्षाने आला असता. सम्यकने आईकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती, अजून तशीच, कौतुकाने. आणि त्याने तोंड उघडलं नाही.

"सध्या तरी नाही कोणी," सुशांत म्हणाला.

"बरं," गृहस्थ म्हणाले. खुर्चीवर बसले, पाणी प्यायले. पुढचा प्रश्न सुरू झाला तसे हळूच उठून गेले. दार जवळच होतं. त्यांचं जाणं कोणाच्या लक्षात आलं नाही.

सम्यकच्या आलं. पण तेवढ्यात कोणीतरी चंपाबाईंना बोलायचा आग्रह केला, आणि आई बोलत असताना उठायचं कसं? ती बोलून झाल्यावर तो जिने उतरून धावत खाली गेला. नाक्यावर रिक्षा, भाजीवाले, शनिवारची गर्दी. गृहस्थ कुठेच नव्हते. नाव कोणी विचारलं नव्हतं, नंबर कोणी घेतला नव्हता.

घरी येताना रिक्षात चंपाबाई खुशीत होत्या. "चांगली मुलं आहेत रे. मला उगाच धाकधूक होती. एकही तसलं नव्हतं."

"एकजण आहे, आई."

"कोण? मला नाही दिसला."

"मी त्याला येऊ नको म्हटलं होतं. त्या काकांनी विचारलं ना, तसा तो आहे. तुला कसं सांगायचं, हे मला त्यानेच शिकवलं होतं."

चंपाबाई त्याच्याकडे वळल्या. "का नको म्हणालास?"

"तुला आवडला नसता."

"नसताच आवडला," त्या म्हणाल्या. मग सावकाश, "पण ते माझं मी ठरवलं असतं. मी तिथे तुझं प्रगतिपुस्तक बघायला आले नव्हते. आणि तो माणूस पोरासाठी आला होता रे. तू ऐकत होतास, आणि गप्प बसलास?"

रविवारी सकाळी सम्यक मार्तंडच्या घरी गेला. मार्तंड बहिणीबरोबर राहायचा. वसुधाताई थोरल्या, अविवाहित, शिवणाचे क्लास घेणाऱ्या. त्या आत स्वयंपाकघरात होत्या. मार्तंड गॅलरीत कपडे वाळत घालत होता.

"आली का मैना? आई रमली का?"

सम्यकने सगळं सांगितलं. मार्तंड चिमटे लावत ऐकत होता. गृहस्थांच्या प्रश्नापाशी त्याचे हात थांबले.

"मुलगा केवढा?"

"कॉलेजातला म्हणाले."

"नाव?"

"नाही विचारलं."

"फोन?"

सम्यकने मान हलवली. मार्तंडने हातातला ओला टॉवेल बादलीत टाकला. त्याचा आवाज चढला नाही, पण त्यातला 'गं' गेला होता.

"मला नाही बोलावलंस, ते मी समजू शकतो. मला सवय आहे. बाहेरचे हसतात, त्यांचं काही वाटत नाही. आपल्यातले मला लपवतात, तेही आता मुरलंय अंगात. पण तो बाप विचारत होता रे, समोर उभा राहून. त्याने घरी जाऊन त्या पोराला काय सांगितलं असेल? की तिथेही तुझ्यासारखं कोणी नाही."

"मी चुकलो."

"हो, चुकलास."

"आज घरी चल. आईला भेट. मी तिला सांगितलंय तुझ्याबद्दल."

"आज नको. आज नेशील तर स्वतःला शिक्षा म्हणून नेशील. मी कोणाची शिक्षा नाही." त्याने टॉवेल परत उचलून पिळला. "पुढच्या सभेला मी येणार. समोर बसणार. तो माणूस परत येवो न येवो. सुशांतला तू सांग, मी नाही सांगणार."

आतून वसुधाताईंची हाक आली. पानं वाढली होती. सम्यक निघतो म्हणाला, पण ताई ऐकेनात. रविवारी दारी आलेल्याला न जेवता पाठवायची त्यांच्याकडे पद्धत नव्हती. तिघं जमिनीवर बसले. वांग्याचं भरीत, भाकरी, वर कच्चा कांदा.

"तुझं कालचं कसं झालं रे सम्यक?" ताई भाकरी मोडत म्हणाल्या. "हा फार हळहळत होता बघ. म्हणाला, मुलांनी इतका आग्रह केला, ये ये म्हणून मागे लागली, आणि नेमकी कालच दुपारची ड्यूटी लागली. नवा शर्ट काढला होता, तोच घालून गेला इस्पितळात. संध्याकाळी आला तो गप्प गप्प."

शनिवारी दुपारी विमा-कक्ष बंद असतो, हे सम्यकला माहीत होतं. पिक्चरला हा एकटा कधी जायचा नाही, हेही माहीत होतं. नवा शर्ट घालून संध्याकाळपर्यंत हा माणूस कुठे बसला असेल?

आग्रह नव्हता केला ताई, हे शब्द त्याच्या तोंडाशी आले. त्याने समोर पाहिलं. मार्तंड त्याच्याकडेच बघत होता, आणि त्या नजरेत स्पष्ट होतं, इथे बोलायचं नाही. बहिणीसमोर त्याची एवढी तरी जागा राहू द्यायची.

काल बोलायचं होतं तेव्हा सम्यक गप्प बसला होता. आज बोलला असता तर सुटला असता, पण तो एकटाच.

"हो ताई," तो म्हणाला. "खूप आग्रह केला होता आम्ही."

"मग! मी म्हटलंच," ताई म्हणाल्या आणि त्यांनी त्याच्या ताटात आणखी भरीत वाढलं. त्याने ते खाली मान घालून संपवलं.