सोमवारची चाल

युलिस दुव्हर्ने हे नाव आमच्या त्रेमे वस्तीबाहेर कुणाला ठाऊक नाही, आणि वस्तीत तरी काय, 'तो बेसवाला' एवढंच. दिवसा भिंतींना गिलावा करायचा, संध्याकाळी माणसाहून उंच बेस, खर्जातलं ते तारांचं वाद्य, कवेत धरून नाचघरात उभा राहायचा. लोक क्लॅरिनेटवर जीव टाकतात हो, बेस कोण ऐकतो? दोन हिवाळे शिकागोला राहिला, थंडीला वैतागून परत आला. चाली मात्र त्याने मोप बांधल्या. सगळ्यांच्या तोंडी बसली ती सोमवारची.

सोमवारी बायको, ओडाली, कपडे धुवायची, चुलीवर राजमा रटरटत ठेवायची, आणि हा अंगणात बेस छेडत उभा. वाजतंय तोवर ती एक शब्द बोलायची नाही. हात थांबला की लगेच हाक, "का रे, थांबलास का?"

"कौतुक कधी करशील गं?"

"गिलाव्याचं कुणी कौतुक करतं का? पडला की बघतात वर!"

मग ओडालीच गेली. युलिसला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. शेजारणींनी पुढ्यात ठेवलं ते खाल्लं, बूट पुसले. एकच हट्ट धरला, तिच्या मयतीला बेस मीच वाजवणार.

आता आमच्याकडे मयत निघते बँडसकट, पायी. बेस वाजवत चालणार कसा?

"ट्रकवर चढतो," युलिस म्हणाला.

मिरवणुकीच्या पुढे चालण्याचा मान असलेला म्हातारा आर्मां भडकला. "मयत आहे का सर्कस? नवरा ना तू? मोकळ्या हातांनी शवगाडीमागे चालायचं, बस्स!"

अंगाला वेटोळं घालणारा पितळी बाजा वाजवायचा तो फ्लोरेस्तां, धिप्पाड गडी. तो समजुतीने म्हणाला, "दादा, तुझी जागा मी सांभाळतो ना."

"बरं, चालतो मागे. बाकी सगळं वाजव. सोमवारच्या चालीत नको. ती जागा माझी आहे."

"अरे, पण खालचा सूर धरायला कुणीच नसेल तर..."

"नको म्हटलं ना!"

मयत निघाली. संथ गाणी झाली. वळणावर बँडने सोमवारची चाल धरली, तसा फ्लोरेस्तांने तोंड बाजूला घेतलं नि नुसता चालू लागला. चाल अधांतरी लटकली. ढोलवाला चाचपडला. कडेच्या बायका कुजबुजल्या, "काहीतरी चुकतंय गं." इतकी वर्षं ऐकून न ऐकलेला बेस त्या दिवशी अख्ख्या वस्तीला कळला, नसल्यामुळे.

युलिसला त्याचंही काही वाटलं नाही. बोटं कोटाच्या शिवणीवर गप्प पडून होती. फक्त सवयीने त्याने मान किंचित पुढे केली, कान दिला. थांबलो होतो ना, आता तिची हाक यायला हवी होती.

घोड्यांची गाडी पुढेच जात राहिली. मेव्हणीने कोपर धरलं तेव्हा त्याला कळलं, आपण रस्त्यात उभे आहोत.