धुळाजीचा खोकला आणि कुट्टीचा खकाणा

दुष्काळाच्या त्या वर्षी घाटनांदूरजवळच्या माळावर सोसायटीने चारा छावणी उघडली, तेव्हा धुळाजी आपली जनावरं घेऊन अगदी शेवटच्या टोकाला, लिंबाखाली जाऊन राहिला. लोकांना वाटलं, सावलीसाठी. खरं कारण त्याच्या हाडांत होतं.

आदल्या साली ऊसतोडीवर मोळी उचलताना त्याची बरगडी मोडली. पडला नाही, मार लागला नाही, तरी मोडली. याचंच त्याला नवल वाटलं आणि तो लातूरला गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हाडाच्या मगजाचा कॅन्सर आहे, मायलोमा म्हणतात. औषधांवर माणूस वर्षानुवर्षं राहतो, पण सर्दी-खोकल्यापासून जपायचं. दुसऱ्याचं साधं पडसं तुमच्या फुप्फुसात उतरू शकतं.

धुळाजीला भीतीपेक्षा प्रश्न जास्त.

"कावून पण, बाई?"

"रोगाशी लढणारं द्रव्य ह्या मगजातल्याच पेशी बनवतात. तुमच्यात ते ढिगाने बनतंय, पण सगळं एकाच साच्याचं, बिनकामाचं. कामाचं थोडंच उरलंय."

"म्हंजी आमच्या सोसायटीच्या संचालकांवानी. खुर्च्या समद्या भरलेल्या अन् काम कुणीच करीना."

बाई हसल्या. त्यांनी फ्लूची लस टोचली, पण बजावलं, की तुमच्या अंगात ती पुरती लागू पडेलच असं नाही. दम लागला तर घरी थांबायचं नाही.

छावणीत मात्र सगळेच खोकत. कडबा कुट्टीचं यंत्र दिवसभर घरघरे आणि त्याचा बारीक खकाणा भाकरीवरसुद्धा बसे. त्यात आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे जन्माचा बोल. धुळाजी दुखणेकरी आहे हे कळल्यावर माणसं येतच राहिली. सोसायटीचा चेअरमन गहिनीनाथ हा तर त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. तो बाजेवर गुडघ्याला गुडघा लावून बसे, खांद्यावर हात टाकी आणि बोलता बोलता खोके. "जरा लांब बस" हे शब्द धुळाजीच्या ओठापर्यंत येत आणि तिथेच विरत.

मग त्याचाही घसा बसला. खोकला सुरू झाला. बायनाबाईने, त्याच्या बायकोने, कपाळाला हात लावून पाहिला.

"अंग तर थंडगार हाय. ताप न्हाई, काई न्हाई. खकाणा गेलाय घशात. गूळ खावा जरा."

धुळाजीलाही तेच खरं असावंसं वाटत होतं. तो लातूरला गेला तर टँकरच्या गर्दीत पाणी कोण भरणार? एकट्या बायनाबाईवर सगळी जनावरं पडणार.

पण दुसऱ्या दिवशी हौदापासून बादली आणताना त्याला ती मध्येच खाली ठेवावी लागली. दम पुरेना. तो तिथेच उकिडवा बसला आणि सवयीने आजूबाजूला बघू लागला. यंत्राच्या तोंडाशी त्रिंबक कडबा सारत होता. भुवया पांढऱ्या झालेल्या, तोंडाला नुसता एक टॉवेल. बराच वेळ झाला तरी तो खोकला नाही.

"तिरमक, तुला खोकला न्हाई का बे?"

"मला?" त्रिंबक ओरडला. "मला कशाचा खोकला? ह्या घरघरीत माझ्यापशी थांबतंय कोण?"

धुळाजी विचारात पडला. सगळ्यात जास्त खकाणा ह्याच्या नाकात आणि हाच ठणठणीत. गहिनीनाथ यंत्राकडे फिरकत नाही, तंबूत बसतो, आणि त्याचा खोकला थांबत नाही. मग हा खकाणा कसला?

"बायना, पिशवी भर. लातूरला जाऊ."

"आवं, पर ताप..."

"तापाचं बाईंनाच इचारू."

जनावरं त्रिंबकच्या हवाली करून दोघं निघाली. दवाखान्यात नाकातून कापसाची काडी फिरवली. फ्लू निघाला. एका फुप्फुसात खाली न्यूमोनियाही धरला होता. ऑक्सिजन लागला. मायलोमाच्या गोळ्यांत स्टिरॉइड असतं, त्याने ताप दबतो, म्हणून कपाळ थंड लागलं, हे बाईंनी बायनाबाईला समजावलं. वेळेत आलात, असंही म्हणाल्या. बायनाबाई आपल्या तळहाताकडे बघत राहिली.

धुळाजी परत आला तो हाडकून, पण स्वतःच्या पायांनी. ऐकल्याबरोबर गहिनीनाथ भेटायला निघाला.

"तिथंच थांबा, भावजी," बायनाबाई गायींच्या अलीकडून म्हणाली.

"चेरमनला तिथंच?"

"चेरमनचा खोकला काय येगळा असतोय का?"

गहिनीनाथ घुश्शात उभा राहिला, पण गेला नाही. दावणीपलीकडून ओरडून ख्यालीखुशाली सुरू झाली. धुळाजीला पोट साफ होतं का, हेसुद्धा साऱ्या छावणीने ऐकलं.

"गहिन्या," धुळाजीने बाजेवरून विचारलं, "तुला कुणापासून लागला बे?"

गहिनीनाथने डोकं खाजवलं. "माजलगावला कारखान्याच्या बैठकीत शेजारचा लई शिंकत होता."

"अन् त्याला?"

"आता तेवढ्यासाठी माजलगावला जाऊ का?"

"जाऊ नकू," धुळाजी म्हणाला. "फोन लाव."