बाहेरच्यांचं उत्तर

टीव्हीवरचं पाहून आम्ही भावंडं रविवारी दुपारी धुळ्याच्या घरीच दोन संघ करून प्रश्नमंजुषा खेळायचो. प्रश्न मी पुस्तकातून विचारायचो. शेजारच्या अक्का आमच्या उंबऱ्यावर सुपातली डाळ निवडत बसायच्या आणि खडा बाजूला टाकावा तसं उत्तर टाकायच्या. बहुतेकदा बरोबर! मी मात्र ठणकावायचो, "अक्का, बाहेरच्यांचं उत्तर धरत नाही."

एकदा कोड्यांच्या फेरीत त्या म्हणाल्या, "आते मी इचारस." त्यांनी कपाशीवरचं एक कोडं घातलं. दोन्ही संघांनी नुसतेच अंदाज ठोकले. मी पुस्तक चाळलं, हार मानली, उत्तर विचारलं.

अक्कांनी सूप उचललं. "मी ते बाहेरनी शे ना, भाऊ! मन्हं उत्तर कसं चालई?"

पुढच्या रविवारी मी आत त्यांच्यासाठी पाट मांडला. अक्का आल्या आणि उंबऱ्यावरच बसल्या.