घागरीवरचं बोळकं

अनुसया कमी बोलायची आणि मी जरा जास्तच बोलते, म्हणून आमचं जमलं. सुरतेत नवागामला आमच्या खोल्या भिंतीला भिंत लागून होत्या. तिच्या घरी फोडणी पडली की ठसका मला लागायचा. तिचा नवरा सखाराम पांडेसऱ्याला रंगाच्या मिलमध्ये होता. हात एक दिवस हिरवे, एक दिवस गुलाबी. त्याच हातानं जेवायचा, रंग काही जायचा नाही. आम्ही दोघी घरच्या ओट्यावर बसून साड्यांचे सुटे धागे कापायचो. गठ्ठे यायचे, गठ्ठे जायचे. आता तिथं तीन मजले उभे राहिलेत आणि खालती मोबाइलचं दुकान आहे. तिकडून गेले की मला अजून त्या ओट्यावर कात्री चालल्याचा आवाज येतो. म्हातारपण, दुसरं काय.

अनुसया शिरपूरकडची, कुंभाराघरची लेक. हे मला कितीतरी वर्षं माहीतच नव्हतं. तिनं सांगितलं तर ना!

चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेग आला आणि अर्धी गल्ली गावाकडं पळाली. आम्ही राहिलो. त्याच दिवसांत तिची माय वारली. किराणावाल्याच्या फोनवर भावाचा, बाबुरावचा, निरोप आला तो असा: येऊ नको, सुरतेच्या माणसाला गाव शिवेत घेत नाही. गावाला तरी काय बोलायचं, जीव सगळ्यांना प्यारा. पण पोटच्या लेकीला मायच्या तोंडात पाणी घालता आलं नाही. अनुसया रडली नाही. कात्री घेऊन बसली आणि धागे कापत राहिली. मला तिचा रागच आला. रड की बाई एकदाची, म्हटलं.

पुढच्या उन्हाळ्यात आखाजी आली. बाकीचे तिला अक्षय तृतीया म्हणतात, आम्हा खान्देशी बायांना ती आखाजीच. आखाजीला लेकी माहेरी जातात, पण भाऊ मुऱ्हाळी म्हणून न्यायला यावा लागतो. आपण होऊन गेलं तर लोक हसतात. बाबुराव आला नाही. लाजला असेल मेला, कोणत्या तोंडानं येणार? आणि त्याच सणाला घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, घागरीच्या तोंडावर मातीचं बोळकं भरून ठेवतात. तिच्या मायची ही पहिली घागर होती.

“लीलाबाई,” ती मला म्हणाली, “मी नाही गेले तरी चालेल. मायच्या घागरीवर बोळकं माझ्या हातचं पाहिजे.”

मग तिनं सांगितलं. कुंभाराघरी चाक पुरुषांचं, बाईनं त्याला शिवायचं नाही. पण बोळकी बायांची. मांडीवर चिंधी टाकून, अंगठा आत आणि तळवा बाहेर, अशी नुसत्या हातानं घडवायची. तिची माय अख्ख्या गावाची बोळकी करायची. बाबुरावनं माती कधीच सोडली होती, तो कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. त्याच्या घरी आता घागरीवर स्टीलचा गडू बसणार, हे अनुसयाला दिसत होतं आणि तेच तिला खात होतं.

सखाराम म्हणाला, “चिखल सोडायलाच सुरतेला आलो ना आपण?” म्हणाला खरं, पण रविवारी तोच सायकलला पोतं बांधून तापीकाठची माती घेऊन आला. पुरुषांचं असंच. तोंडानं नाही आणि कॅरिअरवर पोतं. “आपल्याकडूनच वाहत येते ही नदी,” तो पुटपुटला आणि आंघोळीला गेला.

लग्नानंतर तिनं माती हातात धरली नव्हती. कात्रीनं बोटं आखडलेली. पहिलं बोळकं एका बाजूला बसलं, दुसऱ्याचा काठ फाटला. मी म्हटलं, “अनुसये, यात पाणी नाही राहायचं, पापड वाळव.” तर ती हसली. खळखळून हसली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. इतक्या वर्षांत तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. नंतर नंतर तर धाग्यांचा गठ्ठा तसाच पडून राहायचा आणि बाई मांडीवर चिंधी टाकून गोल गोल फिरवत बसलेली. एकदा भात करपला. वास मला भिंतीपलीकडं आला, तिला चुलीशेजारी बसून आला नाही.

“काय करी ऱ्हायनी वं? भात जळना ना!” मी ओरडले.

“जळू द्या,” ती म्हणाली. अनुसया, जी एक शीत वाया जाऊ देत नसे! मला खरंच बरं वाटलं त्या दिवशी, करपलेला भात पाहून.

बोळकी वाळली, आता भाजायची. इथं माती खाल्ली तिनं. गावाकडं गवऱ्या आणि तुरीच्या काड्या, सुरतेत फुकट काय मिळतं तर मिलच्या चिंध्या. तिनं खड्ड्यात बोळकी रचली, वर पोतंभर चिंध्या टाकल्या आणि काडी लावली. सुती असत्या तर गोष्ट वेगळी. ते सगळं पॉलिस्टर! पेटलं, वितळलं आणि गुळाच्या पाकासारखं टपाटपा बोळक्यांवर गळलं. धूर असा काळा की गल्लीतल्या बाया पदर नाकाला लावून भांडायला आल्या. त्यांच्याशी मी भांडले, ते काम माझं. राख उपसली तर निम्मी बोळकी तडकलेली आणि उरलेल्यांवर काळा चीक बसलेला, नखानं निघेना.

मला वाटलं, संपलं आता, बसेल पुन्हा कात्री घेऊन. आखाजी दाराशी आलेली. पण तिनं संध्याकाळी उरलेली माती भिजवली. मी पलीकडच्या तबेल्यातून भरवाडणीकडून छाणां आणली, म्हणजे आपल्या गवऱ्याच. या वेळी ती जाळापासून हललीच नाही. एक बोळकं असं निघालं की बघत राहावं. लाल, बुटकं, गळ्याशी अंगठ्याची बारीक नक्षी. तिनं टिचकी मारली, खणखण वाजलं. पाणी भरून ठेवलं, खाली थेंब नाही.

तिच्या माहेरच्या गावचा मारुती आमच्याच गल्लीत राहायचा, लूमवर कामाला. तो दर आखाजीला गावी जाई. अनुसयानं जुन्या लुगड्यात गुंडाळून बोळकं डब्यात घातलं आणि त्याला उधना स्टेशनावर भुसावळच्या गाडीत बसवूनच परतली. सणाच्या दिवशी तिनं घरात गोडाचं केलं, पण स्वतःचं ताट झाकून ठेवलं आणि कात्री घेऊन बसली. मी पण माझा गठ्ठा घेऊन तिच्या शेजारी बसले.

मारुती आला तसा आम्ही दोघी ओट्यावरच होतो.

“ठेवलं का?” तिनं विचारलं.

“ठेवलं. बाबुरावभाऊनं गडू काढला आणि बोळकं ठेवलं. आणि ताई, तो माणूस घागरीपुढं बसून लहान पोरासारखा रडला. म्हणे, हे तर मायच्या हातचं. नक्षी पण तीच. अनुसयानं इतकी वर्षं जपून ठेवलं म्हणे. अख्खं गाव बघायला आलं.”

माझेही डोळे भरले. मी अनुसयाकडं पाहिलं, आता तरी ही रडेल. ती रडली नाही.

“मग तू काय बोलला?”

“मी काय बोलणार? हो म्हटलं. तो एवढा रडत होता...”

“हो का म्हटलं?” अनुसया उठून उभी राहिली. आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. “मायनं नही ते. जाय, किराणावालाकडथून फोन लाव त्याले. सांग, हाई मी करेल शे, मन्हा हातनं शे.”