सदाफुली, शार्क आणि माझी आत्या

हे लिहिणारच नव्हते. आत्याने दमच दिला होता, "माझ्यावर काहीबाही लिहिलंस तर कान पिळीन." पण आज संग्रहालयातून घरी आले आणि राहवलंच नाही. सॉरी आत्या.

माझी आत्या संग्रहालयात चित्रं काढते. प्राणी, पानं, हाडं, आयुष्यभर तेच. आता तिचा उजवा हात थरथरतो, म्हणून यापुढे फोटो छापून लावायचं ठरलंय. शेवटचा एकच फलक तिच्या वाट्याला आला: सदाफुली आणि गॉब्लिन शार्क, शेजारी शेजारी. एक बारा महिने सगळ्यांच्या नजरेसमोर फुलणारी, दुसरा खोल समुद्रात, अंधारात, क्वचितच कुणाला दिसणारा. तो फलक तिला स्वतःच्या हाताने नीट पुरा करायचा होता. बस, एवढंच.

केला पण! फूल गुलाबी, शार्क मातकट राखाडी. मी डबा घेऊन गेले तर ही बाई डोळे बारीक करून चित्राकडे बघतेय.

"अगं, घोळ झाला," म्हणाली. "फूल मी खिडकीतल्या कुंडीतलं बघून काढलं आणि शार्क इथल्या बरणीतला, औषधात बुडवून ठेवलेलं पिल्लू. एक जिवंत, एक मेलेला. ही काय तुलना झाली? मोबाइल काढ, पोहणारा दाखव."

दाखवला. गुलाबी! कातडीतून रक्त दिसतं म्हणे. बरणीत तो रंग उडून जातो.

"फुलाचा रंग किड्यांना बोलवायला," मी म्हटलं, "पण याला खाली अंधारात कोण बघतंय?"

"सगळ्यांचं तुझ्यासारखं असतं का, कुणी बघणार असेल तरच नटायचं?"

तेवढ्यात संग्रहालयाचे साहेब आले. "राहू द्या हो ताई, छान झालंय. हात हलला तर सगळंच बिघडेल."

"बिघडलं तर फोटो छापा की! टपूनच बसलायत तुम्ही."

साहेब हसत सटकले.

आत्याने शार्कवर आधी पांढरा हात मारला, वाळल्यावर पातळ गुलाबी. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून. मी पाण्याची वाटी घेऊन शेजारी उभी. लांबड्या नाकापाशी ब्रश घसरलाच, गुलाबी रेघ बाहेर गेली. मला रडूच फुटलं. ती मात्र मान तिरकी करून बघत राहिली, मग शांतपणे ब्रश धुतला.

"झालं. आता पोहेल हा."

आज फलक भिंतीवर लागला, रेघेसकट. आत्या समोर स्टूल टाकून बसलीये आणि येणाऱ्याजाणाऱ्याला, कुणी विचारलं नसताना, सगळी तुलना समजावतेय. घाईत असाल तर जाऊ नका, ती सोडणार नाही. पण महिनाअखेरीला ती रिटायर होतेय, त्यामुळे वेळ काढून जाच ना प्लीज. आधी बरणी बघा, मग चित्र, आणि भेटा तिला. लवकर.