नव्या शूजची चौकशी

परवा खडेबाजारात मुलीसाठी फुटबॉलचे शूज घेत होते. दुकानदाराने खोका उघडला, तसा नव्या रबराचा वास आला आणि मला विद्यापीठातली ती चौकशीची खोली आठवली.

बारावीनंतर मी एका कॉलेजात प्रवेश घेतला होता. महिनाभरात दुसऱ्या कॉलेजच्या कोचनी नवे शूज आणि हॉस्टेलची खोली देऊन मला आपल्या संघात ओढलं. असं काही देऊन खेळाडू पळवणं नियमात बसत नव्हतं. पहिल्या कॉलेजने तक्रार केली आणि दोन्हीकडून वकील उभे राहिले. गुंजीहून माझे वडील आले होते. धुतलेला सदरा घालून आप्पा खुर्चीच्या कडेवर बसले होते.

टेबलावरचे शूज दाखवत चौकशी करणाऱ्या साहेबांनी विचारलं, "हे हिला कुणी दिले?"

"मीच आणलो, सायेब," आप्पा म्हणाले.

त्यांना खोटं बोलताना मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांची मान खाली गेली, ते मला बघवेना.

"न्हाय सर. कोचनी दिले," मी म्हणाले.

मला वर्षभर खेळायला बंदी झाली. परतताना रेल्वेत आप्पा खिडकीबाहेर बघत बसले. रागावलेत, असं मला वाटलं. गुंजीला उतरल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "ते शूज घालून पळाय बरं वाटत हुतं काय गं?"

"लई," मी म्हणाले.

हा प्रश्न त्या खोलीतल्या एवढ्या शिकलेल्या माणसांपैकी एकालाही कसा पडला नाही, याचं मला आता नवल वाटतं.