शिवदौडची चार दुकानं

बीडच्या एस.टी. स्टँडवर मला सोडायला अप्पा एकटेच आले होते. आईनं दारातूनच निरोप दिला होता आणि माझा थोरला भाऊ मन्मथदादा त्या वेळी गेवराईहून उमापूरकडं जीप घेऊन निघालेला असणार. अप्पांनी माझी पत्र्याची ट्रंक सीटखाली सरकवली, खाली उतरून खिडकीशी उभे राहिले आणि बराच वेळ रसाच्या गाड्याकडं बघत राहिले. ड्रायव्हर चढल्यावर म्हणाले, "शोभा, तिकडं कुणाला आपली दुकानं होती म्हणून सांगू नको. होती म्हणलं की लोक इचारतेत, मग काय झालं."

मी सांगितलं नाही. भोसरीतल्या कंपनीत स्टोअरला लागले, पार्ट नंबर बघून माल द्यायचं काम पहिल्याच आठवड्यात हातात बसलं, तेव्हा सुपरवायझरनं विचारलं, आधी कुठं केलंय का हे काम? मी म्हटलं, नाही सर, वाचून शिकले. आता अप्पा नाहीत. आणि कडा, शिरूर कासार, उमापूर इकडून पुण्यात आलेली माणसं अजून कधीमधी भेटतात. माहेरचं आडनाव ऐकून थांबतात आणि विचारतात, ती पिवळ्या पाट्यांची दुकानं तुमचीच का? त्यांच्यासाठी आणि तिकडं राहिलेल्यांसाठी हे लिहिते आहे.

आमचं लिंगायत वाण्याचं घर. अप्पांचं पहिलं दुकान बीडला, ट्रॅक्टर आणि जीपच्या पार्टचं. फॅनबेल्ट, बेअरिंग, फिल्टर, ब्रेकचे लायनर. दुकानात ग्रीसचा आणि उदबत्तीचा मिळून एक वास असायचा. अप्पा कपाळाला भस्म लावून गल्ल्यावर बसत आणि गिऱ्हाइकाला घाई करू देत नसत. "गाडी पळायला नसती, पोचायला असती," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माल साधा असायचा, पण टिकायचा.

दादा आय.टी.आय.मधून मोटर मेकॅनिक होऊन आला तेव्हा जग बदलायला लागलं होतं. तोवर नंबर लावून मिळणारी मोटरसायकल आता शोरूममध्ये उभी दिसायला लागली. परदेशी इंजिनाच्या हलक्या गाड्या आल्या. साखर कारखान्याच्या भागातल्या, गुत्तेदार-कंत्राटदारांच्या, पुढाऱ्यांच्या पोरांना नुसती गाडी नको होती. ती दुसऱ्याच्या गाडीपेक्षा जोरात पळायला हवी होती आणि येताना चार गल्ल्या आधी कळायला हवी होती. दादाला ते कळलं. तो दिल्लीहून पार्सलं मागवायला लागला. मोकळ्या आवाजाचे सायलेन्सर, मोठे कार्ब्युरेटर, दातांचा हिशोब बदललेली चेनची स्प्रॉकेटं, चकाकणारी ॲलॉयची चाकं. बीडमध्ये तोवर कुणी असला माल पाहिला नव्हता. लोक नुसते बघायला यायचे.

दोनेक वर्षांत गेवराईला दुकान झालं, मग उमापूरला, मग कड्याला. पाट्या सगळ्या पिवळ्या, त्यावर लाल अक्षरात 'शिवदौड'. अप्पांना हा माल पटत नव्हता, पण चार पाट्या पाहून ते खूश होते. पाहुणे आले की सहज म्हणायचे, "आमची साखळी हाय दुकानाची." कड्याला त्यांनी स्वतः बसायचं ठरवलं, म्हणून बीडच्या गल्ल्यावर मला बसवलं. मोटर पार्टच्या दुकानात मुलगी बसलेली बघून सुरुवातीला पोरं बाहेरूनच परत जायची. मग सवय झाली. ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात मोकळे दिवस होते.

गेवराईचं दुकान इलियास बघायचा. इलियास म्हणजे दादाचा आय.टी.आय.मधला जिवलग. दोघं एका ताटात बसायचे. आमच्या घरी तो आला की आई त्याला माझ्या आधी वाढायची. त्याचे वडील रहीमचाचा गेवराई–उमापूर रस्त्यावर जीप चालवायचे, आणि हा त्यांचा एकुलता एक. नवा माल आला की तो आधी इलियासच्या लाल मोटरसायकलीवर बसायचा. "पैलं माझ्यावर टेस्ट कर बे, मग दुनियेला इक," असं तो दादाला म्हणायचा. दादा गाडी उघडायचा, इलियास रस्त्यावर घेऊन जायचा, परत येऊन सांगायचा, आणखी पाहिजे. असं करत ती गाडी कंपनीतून आली होती त्यापेक्षा फार वेगळी झाली. तिचा आवाज आम्ही घरात बसून ओळखायचो.

एका संध्याकाळी दिवेलागणीला, उमापूरच्या दुकानात माल पोचवून इलियास गेवराईकडं निघाला होता. वाटेत उसाची एक ट्रॉली बंद पडून उभी होती, मागं दिवा नव्हता. त्याला ती दिसली, त्यानं ब्रेक दाबला, हे रस्त्यावरच्या खुणेवरून कळलं. गाडी थांबली नाही.

पोलिसांनी, लोकांनी, सगळ्यांनी ट्रॉलीवाल्याला दोष दिला. दादानं दिला नाही. दफन करून आल्यावर तो माझ्याशी एकच वाक्य बोलला. "शोभे, मी वेग वाढवला, ब्रेक होता तसाच ठेवला."

पुढं काही आठवड्यांनी रहीमचाचा बीडच्या दुकानी आले. सोबत टेम्पोत ती लाल मोटरसायकल होती, पुढून चेपलेली. मी स्टूल दिलं, ते बसले नाहीत. दादा आतून बाहेर आला आणि खांबाला धरून उभा राहिला. मला वाटलं, आता चाचा त्याला बोलतील. मला वाटतं दादालाही तेच हवं होतं.

चाचा म्हणाले, "मन्मथ बेटा, ही गाडी कंपनीतून आलती तशी करून दे."

दादा गाडीशी जाऊन उकिडवा बसला. मीच विचारलं, "चाचा, कावून?"

"इकायची हाय. घरात ठिवली तर त्याची माय रोज पुसत बसती तिला. अन् अशीच इकली तर दुसऱ्याचं लेकरू बसल हिच्यावर."

ती सगळी दुपार दादा खाली बसून गाडी खोलत होता. चाचा उन्हात उभे राहून बघत होते. एकेक पार्ट निघत होता, दादा तो पुसून पोत्यावर ठेवत होता, आणि कपाटातून काढलेला साधा, कंपनीचा पार्ट त्या जागी बसवत होता. शेवटी किक मारली तेव्हा गाडीचा आवाज अगदी साधा आला, कुणाच्याही गाडीसारखा. तो आवाज ऐकून चाचा पहिल्यांदा स्टूलावर बसले आणि त्यांनी टोपी काढून तोंडावर धरली.

त्यानंतर दादानं तो माल विकला नाही. चारही दुकानातली कपाटं रिकामी केली, सगळं दिल्लीला परत लावून दिलं. पोरं यायची, विचारायची आणि जायची. "साधा माल तर कुठंबी भेटतो बे, त्याच्यासाठी इथं कोण येतंय," एकानं माझ्यासमोर म्हटलं, आणि त्याचं खरं होतं. गेवराईचं दुकान तर दादानं उघडलंच नाही. मग उमापूर गेलं, मग कडा. पुढं मोटारकंपन्यांनी त्यांचे स्वतःचे शोरूम आणि वर्कशॉप काढले, आणि बीडचं मूळ दुकान, जे अप्पांचं होतं, जे ह्या सगळ्याच्या आधीपासून साध्या मालावर चालत आलं होतं, तेही बसत गेलं.

अप्पा वाईट नव्हते. हे मला लिहून ठेवायला पाहिजे. त्यांनी दादाला जेवणाच्या पाटावर विचारलं, "मलाबी तो पोरगा लेकासारखा व्हता. पण एक गेला म्हणून आपण किती जणाची चूल इझवायची?" दादानं उत्तर दिलं नाही. तो उत्तर देत नव्हता हेच अप्पांना सहन होत नव्हतं.

मग रहीमचाचांची कंबर गेली. लेक गेल्यापासून ते वाकलेच होते. जीप दारात उभी राहिली. एका सकाळी दादा गेवराईला गेला, चाचीकडून किल्ली मागून घेतली आणि जीप स्टँडवर लावली. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी परत गेला. गेवराई ते उमापूर, उमापूर ते गेवराई, त्याच रस्त्यावरून, ती जागा ओलांडून, रोज. इतकी सावकाश चालवायचा की पाशिंजर वैतागायचे, "बैलगाडी हाय का जीप?"

चार दुकानांचा मालक दुसऱ्याच्या जिपेवर ड्रायव्हर झाला, हे बीडच्या बाजारात पसरायला वेळ लागला नाही. मठातही कुणीतरी अप्पांना बोललं. त्या दिवशी अप्पांनी दादाशी बोलणं टाकलं. दादा पुढं गेवराईतच खोली घेऊन राहिला. आमच्या घरात भांडण असं नव्हतं. ताटलीचा आवाज व्हायचा, पाण्याचा व्हायचा, माणसाचा होत नव्हता. आमच्या दुकानात येणाऱ्या एका सेल्समननं भोसरीतल्या नोकरीचं सांगितलं तेव्हा मी विचारही केला नाही. अप्पाही अडवायला गेले नाहीत.

भोसरीत आम्ही मराठवाड्याच्या मुली एका खोलीत राहायचो. फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, कँटीनचं कूपन, गेटपास असे शब्द तोंडात बसले. मी 'कावून' म्हटलं की लाइनवरच्या मुली हसायच्या, म्हणून 'का' म्हणायला शिकले. 'गेलते' म्हणायचं सोडलं, 'लई' सोडलं. लातूरकडचा एक फिटर भेटला, लग्न झालं, मोशीत फ्लॅट झाला. आता सोसायटीची मिटिंग असते, पार्किंगवरून वाद असतात, मुलगा हिंजवडीला कॅबनं जातो. त्याला मी मामाबद्दल सांगितलं, दुकानांबद्दल सांगितलं नाही.

अप्पा गेले तो फोन मला कंपनीत आला. आमच्यात जाळत नाहीत, माती देतात. मी खड्ड्याशी पोचले तेव्हा दादा उभा होता आणि त्याच्याजवळ काठी टेकून रहीमचाचा. सगळ्यांची माती देऊन झाल्यावर चाचा पुढं आले, त्यांनी वाकता येत नसतानाही वाकून मूठभर माती टाकली, आणि कुणी काही म्हणालं नाही.

तिसऱ्या दिवशी दादानं मला एक गोष्ट सांगितली. जायच्या आधीच्या उन्हाळ्यात अप्पा एकटे एस.टी.नं गेवराईला आले होते. स्टँडवर त्याच्या जिपेशी आले आणि मागं, पाशिंजरात, बसले.

"मी आरशात बघितलं," दादा म्हणाला. "वाटलं, काम असल उमापूरला. तिथं उतरले, हाटेलात चहा पिले, परत येऊन माघंच बसले. मीबी बोललो न्हाई, तेबी न्हाई. गेवराईला उतरताना खांद्यावर हात ठिवला. म्हणले, बरी चालवतो."

"आनखी काय म्हणले?"

"एवढंच."

बीडचं घर नंतर राहिलं नाही. आई माझ्याकडं आली, इथंच गेली. दुकानाच्या जागी मोबाईलवाला आहे. रहीमचाचाही गेले. जीप भंगारात गेली, दादा आता एका शाळेची गाडी चालवतो. लग्न त्यानं केलं नाही. चाची एकटी आहे, म्हणून तो तिच्याच वाड्यातल्या पुढच्या खोलीत राहतो. मी वर्षातून एकदा जाते, तिथंच उतरते. चाचीनं आमच्यासाठी भांडी वेगळी ठेवली आहेत. त्यात कधी मटण शिजलं नाही, आणि हे तिनं कधी बोलूनही दाखवलं नाही. दादानंच सांगितलं.

गेल्या खेपेला दादा शाळेच्या फेरीला गेला होता. चाची ज्वारी निवडत होती, मी शेजारी बसले होते. मी म्हटलं, "चाची, दादानं तुमचं लई केलं."

तिनं एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाली, "खरं सांगू का बेटी? पैल्या वर्षी तो किल्ली मागाया यायचा ना, तवा माझ्या काळजात सुरी फिरायची. तो दिसला की माझा इलियास दिसायचा, अन् मग तो न्हाई हे दिसायचं. रोज सकाळी. तुझे चाचा म्हणायचे, ह्याला सांगू या, येऊ नको म्हणून."

"मग कावून न्हाई सांगितलं?"

"त्याला नको म्हणलं असतं तर तो कुठं गेला असता?"

इतकी वर्षं मी समजत होते, दादा त्या दोघांना सांभाळतोय. तोही तसंच समजतो. तिनं मला सांगितलं, त्याला हे बोलू नको, आणि पाखडायला सूप हातात घेतलं.

निघताना दादा स्टँडवर सोडायला येत होता, चाचीनं त्याला थांबवलं. म्हणाली, आज मी जाते. तिला चालवत नव्हतं तरी माझा हात धरून ती गल्लीच्या तोंडापर्यंत आली. तिथं शेजारची नवी सून उभी होती. तिनं विचारलं, "पाव्हण्या कोण हो?"

"पाव्हणी न्हाई," चाची म्हणाली. "लेक हाय. माहेराला आलती."